अयोध्याबाईची भरपाई

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते ती एवढ्यासाठी, की समोर उभ्या राहिलेल्या दुःखिताचे अश्रू पाहून तिचा हात थरथरू नये, आणि त्या अश्रूंचं मोल करताना तराजूची दांडी केसभरही ढळू नये. एकोणीसशे एकोणसाठ साली तेरखेड्याच्या अयोध्येच्या अश्रूंचं असं मोल झालं, ते आठशे रुपये झालं. मोल झालं म्हणजे ते कुणीतरी द्यायला हवं. आणि ज्यानं ते द्यायचं होतं त्याच्यासाठी अयोध्या त्याच संध्याकाळी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

हिंमतराव पाटावर बसले होते. पितळीतलं पिठलं निवून त्याच्यावर साय धरली होती, आणि भाकरीला त्यांनी अजून हात लावला नव्हता. त्यांची बायको कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. अयोध्या, त्यांच्या धाकट्या भावाची विधवा, दाराच्या आत, तव्यासमोर.

"तिला म्हणावं," हिंमतराव भिंतीकडं बघत म्हणाले, "जुर्माना भरायचा न्हाय आसं म्या ठरवलंय. म्या तुरुंगात जातो."

कस्तुराबाई दाराकडं वळली. अयोध्या तिथून चार हातांवर होती आणि तिनं शब्द न् शब्द ऐकला होता. तरी कस्तुराबाईनं सांगितलं, "जुर्माना भरायचा न्हाय म्हणत्यात. आत जातो म्हणत्यात."

"त्यांना म्हणावं," अयोध्या तव्याकडं बघत म्हणाली, "भाकरी निवती."

"भाकरी निवती म्हणती," कस्तुराबाईनं कळवलं.

त्या घरात अबोला होता असं कुणाला वाटेल. अबोला नव्हता, रीत होती. थोरल्या दिरासमोर, म्हणजे भायासमोर, धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, आणि भायानंही तिच्याशी थेट बोलायचं नाही. अयोध्या लग्न होऊन आली त्याला बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत हिंमतरावांनी तिला ताप आला तेव्हा बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं, तिचं मूल जन्मताच गेलं तेव्हा गोठ्यात जाऊन एकट्यानं रडून घेतलं होतं, पण तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. जे सांगायचं ते कस्तुराबाईमार्फत. कस्तुराबाई माहेरी गेली की ते गोठ्यातल्या मेढीच्या खांबाला सांगत, "आज यायला उशीर व्हईल." अयोध्या अंगणातल्या उखळाला सांगे, "पेंडीचं पोतं संपलंय." संध्याकाळी पेंडीचं पोतं आलेलं असे. तिचा नवरा दगडोबा म्हणायचा, "आमच्या घरात समद्यात शानी ती मेढ. दोन्हीकडचं ऐकती आन् मधी काय घालत न्हाय."

दगडोबा आता नव्हता, आणि तो का नव्हता याच्यावरच तो सगळा खटला उभा राहिला होता.

दोघा भावांची जमीन बेताची. पण घरात पिढीजात दारूकाम होतं. शोभेची दारू भरण्यात तेरखेड्याचा हात धरणारं आसपास कुणी नाही, आणि तेरखेड्यात दगडोबाचा हात धरणारं कुणी नाही. त्याचा भुईनळा माडाएवढा चढून वर मोगऱ्यासारखा फुटे, आणि खाली पडेपर्यंत एक ठिणगी कुणाच्या पटक्यावर पडत नसे. हिंमतराव कामाची सुपारी घेत, पैसा सांभाळत, भाव ठरवत. दगडोबा दारू कुटे, चाळी, वाळवी, भरी. एकाच्या जिभेवर आणि दुसऱ्याच्या बोटांवर ते घर चालत होतं, आणि पैसा एकाच पेटीत पडत होता. त्या पेटीची किल्ली हिंमतरावांच्या करगोट्याला असे. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या चैत्रात तेर गावच्या जत्रेची सुपारी होती. आदल्या आठवड्यात अवकाळी येऊन गेली आणि कुटलेली दारू सादळली. ओली दारू सावलीत, कापडावर, धीरानं वाळवायची असते. हे हिंमतरावांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याच बापानं दोघांना शिकवलं होतं. पण तेरहून माणूस येऊन बसला होता, गाडी जुंपायची होती, आणि चैत्राचं ऊन फुकटात मिळत होतं. त्यांनी परसात पत्रे टाकायला लावले.

अयोध्या परसदाराच्या आत धान्य निवडत होती. तिला दगडोबा म्हणताना ऐकू आलं, "दादा, सावलीत वाळू दे. उद्या भरू."

आणि हिंमतराव म्हणाले, "जत्रा उद्यापतूर थांबती व्हय रं?"

दगडोबा हसला. तो दादाशी कधी वाद घालत नसे. लोखंडी दाताळं घेऊन तो तापल्या पत्र्यावरची दारू खालवर करायला गेला.

स्फोटाचा तो आवाज शेजारच्या ईट गावापर्यंत ऐकू गेला असं तेरखेड्याचे लोक सांगतात. ईटचे लोक तसं सांगत नाहीत. अयोध्येला त्यानंतरचं फार आठवत नव्हतं. तिला तोंड बघू दिलं नाही, एवढंच पक्कं आठवत होतं.

त्या दिवसापासून ती एका वाक्याची वाट बघत होती. "तिला म्हणावं" असं सुरू होणारं, कस्तुराबाईमार्फत येणारं एकच वाक्य... चूक माझी झाली. त्या वाक्यानं गेलेला माणूस परत येणार नव्हता हे तिलाही कळत होतं. पण तिला याच घरात जन्म काढायचा होता, याच चुलीवरची भाकरी खायची होती. आणि ज्या घरात आपलं माणूस आपल्याच माणसाच्या हातून गेलं त्या घरात, ते कुणी बोलल्याशिवाय, श्वास तरी कसा घ्यायचा? हिंमतराव मात्र पेंडीचं बोलत, पेरणीचं बोलत, तिच्या चोळीबांगडीचं बोलत. त्याचं बोलत नसत. दारू भरायचं तेवढं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं.

सरकार मात्र गप्प बसलं नाही. हयगयीनं माणूस मेला म्हणून हिंमतरावांवर खटला झाला.

त्यांचे वकील गुरुलिंगप्पा निजामाच्या अमलात उर्दूत खटले हरत असत. राज्य बदलल्यावर ते मराठीत हरू लागले होते. पण हा खटला ऐकल्यावर त्यांनी पानाचा डबा मिटला आणि मांडीवर थाप मारली.

"हिंमतराव, साक्षीदार किती? एक. ती कोण? तुमची भावजय. ती तुमच्यासमोर तोंड उघडते?"

"न्हाय."

"कधीच?"

"रीत न्हाय."

"मग बरखास्त. तुम्ही फक्त पिंजऱ्यात तिच्याकडं तोंड करून ताठ उभे राहा. बाकीचं तुमची रीत बघून घेईल. मी काही करत नाही."

"ते तुमी कधीच करत न्हाय म्हणत्यात लोक."

"ह्या वेळी मुद्दाम करणार नाही," गुरुलिंगप्पा शांतपणे म्हणाले.

अयोध्या साक्षीला उभी राहिली तेव्हा पदर तिनं हनुवटीपर्यंत ओढला होता. पदराखालून तिला फरशी दिसत होती, आणि फरशीच्या पलीकडं पिंजऱ्याचे लाकडी गज, आणि गजांच्या आत हिंमतरावांच्या वहाणा. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी मयत आणि आरोपी यांच्यात काय बोलणं झालं?" तिनं उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पट्टेवाला खेकसला, "ओ बाई, सायेब इचारतेत!" मॅजिस्ट्रेट पुण्याकडून नवे आलेले, तरुण, मनानं सज्जन. त्यांनी खुर्चीतून पुढं झुकून सांगितलं, "घाबरू नका. इथं तुम्हाला कुणाचं भय नाही." अयोध्येला भय नव्हतंच. तिला रीत होती. तिच्या ओठांवर बारा वर्षांचं कुलूप होतं आणि समोर त्या वहाणा तशाच, तिच्याकडं टोकं करून...

मग त्या वहाणा हलल्या. आधी एक फिरली, मग दुसरी. आता तिला टाचा दिसत होत्या.

तिनं पदर बोटभर वर केला. पिंजऱ्यात हिंमतराव न्यायासनाकडं, सरकारी वकिलाकडं आणि स्वतःच्या वकिलाकडं पाठ करून, भिंतीला नाक लावून उभे होते.

त्या खोलीत याचा अर्थ कळणारी माणसं तीन. एक अयोध्या, एक मागं बाकावर बसलेली कस्तुराबाई, आणि एक गुरुलिंगप्पा, ज्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसायला घेतला. भाया समोर नाही. आता ती बोलू शकत होती. बारा वर्षांत त्यांनी तिच्याकडं मध्ये कुणाला न घालता काही मागितलं, ते हेच पहिलं. आणि जे मागितलं ते ती नाकारू शकली नाही.

"आमचे म्हणाले, दादा, सावलीत वाळू दे, उद्या भरू," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "भाया म्हणाले, जत्रा उद्यापतूर थांबती व्हय."

भिंतीकडं तोंड केलेली ती पाठ एकदाच, किंचित, हलली.

निकालपत्र सुवाच्य होतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिलं होतं, की आरोपीला केल्या कृत्याचा यत्किंचितही पश्चात्ताप झालेला दिसत नाही. किंबहुना मुख्य साक्ष चालू असताना तो उद्दामपणे न्यायालयाकडे पाठ फिरवून उभा होता. मयताची विधवा निराधार आहे. सबब आरोपीस एक हजार रुपये दंड. दंड वसूल झाल्यास त्यातले आठशे मयताच्या विधवेस भरपाई म्हणून द्यावेत. न भरल्यास सहा महिने सक्तमजुरी. दंड भरायला महिन्याची मुदत.

"साहेबांना सांगू का, पाठ का फिरवली ते?" गुरुलिंगप्पांनी व्हरांड्यात विचारलं.

"नगा," हिंमतराव म्हणाले. "आमच्या घरातलं हाय."

"बरं. मग जुर्माना भरा आणि मोकळे व्हा. अहो, ह्यात नुकसान कुठंय? पैसा तुमच्या पेटीतून कोर्टात जाणार, कोर्टातून भावजयीच्या हातात, आणि भावजय कुणाच्या घरात? तुमच्या. संध्याकाळी परत पेटीत. दोनशे सरकारला खैरात, बाकी गंगेचं पाणी गंगेला."

"पेटीतला पैसा कुणाचा?"

"घराचा."

"आन् घर कुणाचं?"

"तुमचं, आणि तुमच्या..." गुरुलिंगप्पा थांबले, आणि पानाचा डबा उघडून त्यात काय काय आहे ते पाहू लागले.

"निम्मा पैसा दगडोबाचा हाय," हिंमतराव म्हणाले. "भावाला मारलं, आन् भावाच्याच पैशानं जुर्माना भरून मोकळा व्हऊ? आन् ते पुन्ना तिला भरपाई म्हणून दिऊ? तिचंच?"

त्या संध्याकाळी भाकरीला हात न लावता ते पाटावरून उठले, ते या हिशेबापायी.

दोन दिवसांनी अयोध्येचा भाऊ अंबादास ईटहून आला. अंबादास व्यवहारी माणूस. बहिणीवर त्याचा जीव होता आणि तो जीव तो नेहमी कामाला लावत असे. चहाची बशी खाली ठेवून त्यानं सगळ्यांना पटेल असा तोडगा काढला.

"वाटणी करा, पाव्हणं. तुमचा वाटा तुमाला, दाजींचा वाटा ताईला. तुमी तुमच्या वाट्यातनं जुर्माना भरा. ताईची भरपाई ताईला. म्या तिला ईटला न्हेतो. तुमच्या डोक्याला पाप न्हाय, तिच्या डोक्याला ताप न्हाय."

तोडगा चोख होता, आणि हिंमतरावांना चोख तोडगाच हवा होता. "आसंच करावं लागंल," ते म्हणाले. "तिला म्हणावं, दुसरी चूल मांडून घ्यावी. तलाठ्याला म्या बोलवितो."

अयोध्येनं ते आतून ऐकलं. दुसरी चूल. तिच्या नवऱ्याला जाळणाऱ्या आगीनं जे मोडलं नव्हतं ते कोर्टाची भरपाई मोडणार होती. ईटला भावाच्या ओसरीवर आठशे रुपये उशाला घेऊन ती काय करणार होती? पैसा संपेपर्यंत ताई, आणि संपल्यावर विधवा बहीण. इथं दगडोबाचं जातं होतं, दगडोबानं लावलेला शेवगा होता, त्याच्या दादाच्या खोकल्यात त्याच्या खोकल्याची धाटणी होती.

"त्यांना म्हणावं," आतून आवाज आला, आणि तो इतका स्वच्छ आला की कस्तुराबाईला मध्ये बोलायची गरजच पडली नाही, "ह्या घरात दुसरी चूल पेटली तर म्या तिच्यात पाणी वतीन."

"येडी हाय," अंबादास उठत म्हणाला. "लहानपनापासनं येडी हाय." पण जाताना तो दारात घुटमळला, आणि बहिणीच्या हातात त्यानं गुळाची ढेप दिली.

वाटणी नाही म्हणजे पेटी नाही. पेटी नाही म्हणजे तुरुंग. हिंमतरावांनी पुढं कुणाशी चर्चा केली नाही. महिना संपत आला तशी त्यांनी गोठा शाकारून घेतला, सरपण फोडून रचलं, आणि पेटीची किल्ली करगोट्यातून सोडून देवघरात ठेवली.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी ते घोंगडी आणि धोतरजोडी बांधून अंगणात उभे राहिले. मोटार फाट्यावर यायला वेळ होता. कस्तुराबाई उंबऱ्यात बसली होती, अयोध्या आत दाराआड.

"तिला म्हणावं," हिंमतरावांनी सुरुवात केली, "हरभऱ्याला पानी..."

"म्या न्हाय म्हणायची," कस्तुराबाई म्हणाली.

हिंमतराव थांबले. कस्तुराबाईनं त्यांचं बोलणं आजवर कधी तोडलं नव्हतं.

"बारा वरसं म्या तुमचं बोलनं वाहून न्हेलं. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. कोर्टात बसले, तितं तुमी पाठ करून उभं राह्यला, म्या ते बी गिळलं. दगडू म्या लहानाचा मोटा केला. त्याच्यासाटी रडायला मला कुनी येळ दिला न्हाय, कारन रोज कुनाचं तरी म्हननं पोचवायचं हुतं. आज माजा नवरा चाललाय." तिनं पदर तोंडाला लावला. "आज मला रडायचंय. तुमचं तुमी बोला."

आणि ती खरोखरच रडू लागली, इतकं मनापासून, इतक्या साचल्या दिवसांचं, की परसातल्या कोंबड्या लांब सरकल्या.

मध्ये कुणी उरलं नाही. हिंमतरावांनी मेढीकडं पाहिलं. मेढ गोठ्यात होती, लांब होती. अयोध्या दाराआडून उठली. उंबऱ्यापर्यंत आली आणि तिच्या लक्षात आलं, की यांना काय म्हणून हाक मारायची तेच आपल्याला ठाऊक नाही. बारा वर्षांत तशी वेळच आली नव्हती. भाया हे नातं होतं, हाक नव्हती. तिला एकच हाक येत होती, आणि ती तिची नव्हती.

"दादा," ती म्हणाली.

हिंमतरावांच्या हातातली घोंगडी खाली पडली. त्या घरात तो शब्द चैत्रापासून कुणी उच्चारला नव्हता.

"दादा, जाऊ नका. पेटीतलं भरा. निम्मं त्यांचं हाय म्हणता ना? व्हय, हाय. ते असते तर तुमाला न इचारता त्यांनीच मोटार धरली असती, आन् भरून आले असते. आन् आल्यावर हसले असते."

हिंमतराव सवयीनं भिंतीकडं बघत होते. मग कोर्टात फिरले होते तसेच ते सावकाश फिरले, पण या वेळी उलटे; आणि बारा वर्षांत प्रथमच त्यांनी आपल्या भावजयीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. कपाळ मोकळं होतं. डोळे रडून रडून कोरडे झाले होते.

"जत्रा थांबली असती, अयोध्या," ते म्हणाले.

तिनं दाराच्या चौकटीला धरलं.

"त्यो नको म्हणत हुता. म्या घाई केली. गाडी जुपायची हुती म्हणून... तेवढ्यासाटी."

"म्या ऐकलं हुतं."

"तू ऐकलं हुतंस ते मला ठावं हुतं. म्हणून तर रोज तुज्या हातची भाकरी गिळताना..."

तिला हवं होतं ते वाक्य आलं होतं, कुणाच्या मध्यस्थीवाचून आलं होतं. आणि ते आल्यावर आता समोरच्या माणसाला थांबवण्यापलीकडं तिला जगात दुसरं काही नको होतं. ती पुढं झाली आणि त्यांच्या वहाणांवर तिनं डोकं ठेवलं. "झालं दादा. आता समदं पावलं. पैसं भरा आन् जेवायला बसा."

"तुजं पावलं आसंल," हिंमतराव म्हणाले. "माजं ऱ्हायलंय. पेटीतल्या पैशात निम्मा त्यो हाय. जमिनीत निम्मा त्यो हाय. ह्या घोंगडीत बी हाय, दोघांच्या पैशातनं घेतलीय ती. सा म्हैनं तेवढे माजे एकट्याचे हायत. तेवढेच मला देता येतील."

त्यांनी घोंगडी उचलली, झटकली, खांद्यावर टाकली. "तिला म्हणावं..." ते जाता जाता रडणाऱ्या कस्तुराबाईकडं वळून म्हणाले, आणि थबकले. मग अयोध्येला म्हणाले, "तुज्या आक्काला संबाळ."

फाट्यावर मोटार वेळेवर आली.

सहा महिने दोघी जावांनी एका चुलीवर काढले. अयोध्या औतामागं जाऊ लागली, कस्तुराबाई बाजार बघू लागली. दर पंधरवड्याला कुणी ना कुणी जिल्ह्याच्या गावाला जाई, आणि येताना हिंमतराव बरे आहेत असं सांगे. ते बरे नव्हते; खडी फोडून त्यांच्या छातीत धूळ बसली होती. परत आले तेव्हा फाट्यापासून घरापर्यंत यायला त्यांना वाटेत तीनदा बसावं लागलं. अयोध्येनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्यांनी पाटावर बसल्या बसल्या, थेट, सगळ्यांसमोर म्हटलं, "अयोध्या, कोरड्यास वाढ गं."

गावात चार दिवस चर्चा झाली. भायासमोर बोलते, काय काळ आलाय, असं पारावर ठरलं. कस्तुराबाई पाणवठ्यावर सांगू लागली, "म्या आता पेन्शनीत निघाले." त्या घरात कधी नव्हे एवढं बोलणं होऊ लागलं. संध्याकाळी हिंमतराव खोकत खोकत दगडोबाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत, अयोध्या ऐके, आणि मध्येच तिचे डोळे भरून येत. पण ते भरणं आता एकटीचं नसे. दारूकाम कायमचं बंद झालं होतं. जमीन आणि बैलजोडी, एवढ्यावर तिघं निभावत होती. उणं पुष्कळ होतं, पण चूल एक होती.

कायद्याच्या दृष्टीनं मात्र एक गोष्ट राहून गेली होती. शिक्षा भोगली तरी दंड बाकी होता, आणि दंड बाकी होता म्हणून भरपाई बाकी होती. अंबादासला बहिणीचा विसर पडला नव्हता. तिला न सांगता, तिच्यावरच्या मायेनं, त्यानं कोर्टात अर्ज केला, की अमुक विधवेला अद्याप एक पैही मिळालेली नाही. मॅजिस्ट्रेट आता दुसरे होते, पण तेही मनानं सज्जनच. शिक्षा भोगलेल्या माणसाकडून दंड वसूल करायचा तर विशेष कारण लिहावं लागतं. त्यांनी ते लिहिलं, आणि चांगल्या भाषेत लिहिलं: एका निराधार स्त्रीचे अश्रू पुसले जाणं हेच विशेष कारण होय. जप्तीचं वॉरंट निघालं.

पेरणीच्या तोंडाला बेलिफ आणि तलाठी अंगणात आले. पेटी उघडली; दारूकाम बंद पडल्यापासून तीतला पैसा घरखर्चात संपला होता. मग ते गोठ्याकडं वळले.

"त्यातलं निम्मं माजं हाय," अयोध्या आडवी होऊन म्हणाली. "माज्या मालकाचं हाय. ते कसं न्हेता?"

"बाई," बेलिफ समजुतीनं म्हणाला, "हे समदं तुमच्यासाठीच चाललंय."

"मला नको हाय."

"ते आता आमच्या हातात न्हाय."

हिंमतराव ओट्यावरून उठले. खोकल्याची उबळ गेल्यावर त्यांनीच जाऊन दोन्ही बैलांची दावी सोडली, कारण परक्या माणसानं सोडलं तर डावीकडचा मारायचा. "जाऊ दे, अयोध्या," ते म्हणाले. "तुजंच देनं हाय. कसं का व्हईना, फिटू दे."

बाजाराच्या दिवशी लिलाव झाला. जप्तीच्या मालाला भाव येत नाही. जोडी बार्शीकडच्या एका व्यापाऱ्यानं पडत्या भावात घेतली. पुढच्या महिन्यात अयोध्येला कोर्टात बोलावणं आलं. तिनं अंगठा उमटवला, आणि सरकारी हिस्सा, लिलावाचा खर्च आणि बेलिफाचा भत्ता वजा जाता उरलेली भरपाई पदरात बांधून ती परत आली.

हिंमतराव तिला घेऊन त्याच व्यापाऱ्याकडं गेले. त्या पैशात एक बैल आला.